उसवणाऱ्या मावशी

मावशी कापडावर आधी वार करत, मग बोलत. जर्सी सिटीतल्या माझ्या दुकानात नाटकवाल्यांसाठी जुने पोशाख शिवले जातात. व्हिक्टोरिया राणीच्या काळातले, आवळलेल्या कमरेचे घेरदार झगे ही आमची खासियत. गाडीच्या डिकीतून माल विकत मी हे दुकान उभं केलं. मावशी नागपूरहून लेकीकडे आल्या आणि माझ्याकडे शिवायला लागल्या.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी त्या काळातल्या झग्याची एक अस्सल चोळी, म्हणजे कमरेवरचा भाग, फाडली. दोन तास घासाघीस करून मी ती मिळवली होती. मी ओरडलो, तरी ब्लेड थांबेना. "पोट फाडल्याबिगर दुखणं कळत नाही, बाप्पा." आत देवमाशाच्या जबड्यातल्या लवचीक पट्ट्या निघाल्या आणि कमरेला आतून टाचलेली एक जाड फीत. झगा घातला की आधी ही फीत हुकाने आवळायची. मग सगळा ताण ती झेलते, वरच्या शिवणी सुटत नाहीत.

टीप वाकडी दिसली की त्यांची लाकडी पट्टी बोटांवर बसे. मालकाच्यासुद्धा.

एकदा एका थिएटरची पोशाख सांभाळणारी बाई नमुना बघायला येणार होती. पसंत पडला, तर बारा झग्यांचं काम. मावशी दोन दिवस आजारी, म्हणून मी झगा दुसरीकडून पुरा करून घेतला. फीत न लावता. आतलं कोण बघतं?

मावशी बघत. बाईसमोरच त्यांनी झगा उलटा केला.

"काहून रे, फीत कुठं हाय?"

"मावशी, कस्टमर उभी आहे."

त्यांनी कात्री घातली आणि चोळी कमरेपासून गळ्यापर्यंत उभी चिरली. मी त्यांचं मनगट पिरगाळलं. त्यांनी टाचणी माझ्या तळव्यात खुपसली. मी पट्टी भिरकावली, आरसा फुटला.

काचांतून पाय उचलत बाई पुढे आली. चिरलेली चोळी निरखून मला इंग्रजीत म्हणाली, "हिला विचार, आमच्याकडे जॉब करेल का?"

मी मराठीत सांगितलं, "मावशी, ती पोलीस बोलावतेय."

"खोटारड्या! जॉब मले समजते."

त्या गेल्या. बारा झगेही गेले.

मावशींनी शिवलेल्या झग्यांचं ते नाटक मी तिकीट काढून पाहिलं, झगा फाटावा म्हणून. नायिकेला नवरा जिन्यावरून फरफटत आणतो. एक टाका सुटला नाही.

मी त्यांना माफ केलेलं नाही. पण नवी शिवणारी पहिला झगा घेऊन आली, की मी तो आधी उलटा करतो. फीत नसेल, तर तिच्यादेखत फाडतो.