खूण केलेलं दार

रविवार, ९ नोव्हेंबर. सकाळी साडेअकरा. आबांच्या घराची पुढची खोली.

हजर: आबा. त्यांच्या गौरवग्रंथाचे संपादक, म्हणजे आमच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. आबांची जीप तीस वर्षं चालवलेले ड्रायव्हरभाऊ. मी.

गैरहजर: कोणी नाही. असं मी त्या दिवशी बैठक सुरू होताना लिहिलं. बैठक संपल्यावर ती ओळ खोडली आणि 'नाना' असं लिहिलं.

कुठेही चार माणसं कामासाठी बसली की मी आधी तारीख आणि हजेरी लिहिते. ही सवय आबांच्या संपर्क कार्यालयात लागली. मी चोविसाव्या वर्षी तिथे टायपिस्ट म्हणून गेले आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की टायपिंग हे वरचं काम. खरं काम याद्यांचं. रस्त्यांची यादी, दाखल्यांची यादी, लग्नांची यादी. आणि एक यादी अशी, की जिच्याबद्दल बाहेर कोणी बोलत नसे.

आबा आमच्या तालुक्याचे आमदार. होते, असं म्हणायला हवं, पण लोक अजून आमदारच म्हणतात. सात वेळा उभे राहिले, सहा वेळा निवडून आले. पहिली निवडणूक त्यांनी सायकलवर आणि मागून आणलेल्या एका जीपवर लढवली. पुढे दोनदा त्यांची निशाणी बदलली, तरी लोकांनी मतपत्रिकेवर नवी निशाणी शोधून त्यांनाच मत दिलं. हे कसं होतं याचं मला फार कुतूहल होतं. भाषण त्यांचं बेताचंच. रस्ते, बंधारे बाकीच्या आमदारांनीही केले. वर्षभर नोंदी ठेवल्यावर मला माझ्यापुरतं उत्तर मिळालं. आबा दारावर जातात.

आमच्याकडे घरातलं कोणी वारलं की ओट्यावर नाहीतर अंगणात सतरंजी पडते आणि दहा-बारा दिवस गावोगावचे लोक येऊन बसतात. त्याला दारावर जाणं म्हणतात. तिथे फार बोलायचं नसतं. आधी थोडा वेळ गप्प, मग गेलेल्या माणसाची एखादी आठवण, मग कापसाचं नाहीतर विहिरीच्या पाण्याचं. निघताना 'येतो' म्हणायचं नाही, नुसतं उठायचं. आमदार लग्नाला आला नाही तर लोक दोन टोमणे मारतात आणि सोडून देतात. दारावर आला नाही तर लक्षात ठेवतात.

त्यासाठी माझ्या वहीत चार रकाने होते. पहिल्यात गाव आणि घर. दुसऱ्यात कोण गेलं. तिसऱ्यात 'चिठ्ठी', म्हणजे त्या माणसाबद्दलची एक ओळ. 'म्हातारी भजनात टाळ धरायची.' 'हमाली करून दोन्ही मुलींना नर्स केलं.' ही ओळ मी कागदावर उतरवून ड्रायव्हरभाऊंकडे द्यायची. आबा जीपमध्ये ती वाचत आणि सतरंजीवर बसल्यावर बरोबर तेवढंच विचारत. चौथ्या रकान्यात लाल पेन्सिलीची खूण. खूण झाली म्हणजे आबा जाऊन आले.

त्या रविवारी ग्रंथातलं पराभवाचं प्रकरण घ्यायचं होतं. वीसेक वर्षांपूर्वीची ती एकच निवडणूक. मी ऑफिसात लागल्यानंतरची पहिलीच.

"लिहा," आबा मुख्याध्यापकांना म्हणाले, "माझ्याच माणसानं माझा घात केला."

"नाव घालायचं?"

"घालायचं. मी गेल्यावर कोण सांगणार आहे?"

नाव नानांचं होतं. नाना गिरणाकाठच्या एका गावातले, आबांच्या पहिल्या निवडणुकीपासून त्या गावच्या बूथवर बसणारे. मतदार यादी त्यांना पाठ होती. कोणती मुलगी सासरी गेली, कोण सुरतेला कामाला आहे आणि मतदानाला येणार की नाही, सगळं तोंडावर. पराभवाच्या वर्षी मतदानाच्या दिवशी नाना बूथवर आलेच नाहीत. घरात दार लावून बसले. गाव उलटं फिरलं, आणि आबा जेवढ्या मतांनी पडले तेवढी त्या एका गावात निघाली असती. तेव्हापासून दोघांत शब्द नाही.

मला काळजी वेगळीच होती. नानांची सून आज त्या गावची सरपंच आहे. ग्रंथ छापून झाला की तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत एक प्रत जाणार, ही यादीही मीच केली होती. म्हणजे सासऱ्यानं घात केल्याचं पुस्तक सुनेच्या टेबलावर मीच पाठवणार.

"पण आबा, नानांनी असं का केलं?" मी विचारलं.

"फोडला असेल समोरच्यानं. मी काय कमी केलं होतं त्याला? निवडणूक तोंडावर, आणि त्याची माय गेली. बाकी सगळं सोडून दारावर गेलो. लिंबाखाली सतरंजी होती, मला अजून दिसते. बसलो, तर म्हातारी आतून म्हणते, 'आबा, शेजारून चहा आनेल शे, गुयना. चाली ना?' इतक्या मायेचं घर, आणि..."

ड्रायव्हरभाऊ फस्सकन हसले. "आबा, म्हातारी चहाचं विचारत होती, मग तुम्ही दारावर गेलते कोणाच्या?"

मुख्याध्यापकांचं पेन थांबलं.

"दुसरी कोणी म्हातारी असेल," आबा म्हणाले.

"त्या घरात एकच होती. आपण गेलो ते नानांचे काका वारले तेव्हा. माय त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी गेली."

"मग तेव्हाही गेलोच असणार."

"निघालो होतो. तीन दारं केली. चौथं नानांचं. फाट्यावर तुम्हाला मुंबईहून फोन आला, उमेदवारीच्या तिकिटाचा. तिथूनच गाडी फिरवली आणि जळगाव स्टेशन गाठलं."

"इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"मला कोणी विचारलंच नाही. मला वाटलं, मागून दुसऱ्या गाडीनं जाऊन आले असाल."

मग तिघंही माझ्याकडे बघायला लागले.

ऑफिस बंद झालं तेव्हा माझ्या सगळ्या वह्या आबांच्या घरी वरच्या खोलीतल्या कपाटात गेल्या. वर्षवार लावलेल्या आहेत, त्यामुळे हवी ती दोन मिनिटांत सापडली. पान उघडलं. गावाचं नाव, 'नाना', दुसऱ्या रकान्यात 'आई'. चिठ्ठीच्या रकान्यात मी लिहिलं होतं: 'चिठ्ठी नको, आबांना माहीत.' पहिल्या निवडणुकीत सायकलवरून फिरणाऱ्या आबांना त्या माउलीनं कळण्याची भाकरी वाढली होती, हे आबा मला कितीदा सांगत. चौथ्या रकान्यात लाल खूण. ठळक.

ती कशी झाली हे मला तिथे उभ्याउभ्याच आठवलं. निवडणुकीच्या दिवसांत पाच-सहा दारं एका दिवसात व्हायची आणि संध्याकाळी ड्रायव्हरभाऊंना गाठून विचारायला मला वेळ नसायचा. आबा ठरलेलं दार कधी चुकवत नसत. म्हणून मी ऑफिस बंद करताना सकाळच्या यादीवरूनच खुणा करून टाकायला लागले होते. आबा त्या दिवशी मुंबईला गेले हे मला कळलं होतं. दारं करूनच गेले असणार, असं मी धरलं.

जिन्यात मी थांबले. वही सापडत नाही म्हणता आलं असतं. कपाटाला वाळवी लागलीच आहे, कोणी शंका घेतली नसती. पण मग ग्रंथात ते वाक्य राहिलं असतं. मी खाली आले, वही आबांच्या मांडीवर उघडी ठेवली आणि जसं झालं तसं सांगितलं.

आबांनी त्या खुणेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "मुंबईहून आल्यावर मी तुला विचारलं होतं."

"हो. 'नानाकडे झालं ना?' म्हणून."

"तू म्हणालीस, झालं."

"वही बघून म्हणाले."

"आणि मला लगेच लिंब आठवला. सतरंजी आठवली. म्हटलं, हो, झालं." त्यांनी चष्मा काढला. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांच्या आवाजात नवलच जास्त होतं. "ताई, अशा आणखी किती खुणा आहेत?"

"माहीत नाही, आबा."

"फोन लाव नानाला. खूण तुझी, तूच बोल."

सरपंचबाईंचा नंबर माझ्याकडे होता. त्यांनी फोन सासऱ्यांकडे दिला. मी स्पीकर चालू करून फोन टेबलावर ठेवला.

"कोन बोली ऱ्हायनं?"

मी कोण ते सांगितलं. मग क्रमानं सगळं: काकांचं दार, आईचं दार, फाटा, मुंबईचा फोन, माझी खूण. नानांनी मधे एकदाही अडवलं नाही.

"म्हंजे आबाले मालूमच नव्हतं?"

"नाही नाना. त्यांना वाटत होतं, येऊन गेले."

"तूच तं निरोप धाडेल व्हता, ताई. चार वाजाले येतीन म्हनीसन. मी बठ्ठं गाव बसाडी ठेयेल व्हतं. दिन बुडना तं एक एक जन उठीसन गया. मंग मी सतरंजी घडी करी."

तो निरोप मीच पाठवला होता, हे तर मी पार विसरले होते. चूक एक नव्हती, दोन होत्या. आबा आले नाहीत एवढंच नव्हतं. सगळ्या गावाला बसवून आले नाहीत.

"मग मतदानाला तुम्ही गावाला काय सांगितलं?" मी विचारलं. हे तेव्हा विचारायला नको होतं. पण इतकी वर्षं मला खरंच ते जाणून घ्यायचं होतं.

"काहीच नही. मी घरमा बसनू. लोकेसनी मन्हं दार दखं, बंद दिसनं. त्यासनं ते समजनात."

आबा टेबलाकडे वाकले. "नाना."



"आबा, मी तुले इतला वरीस शिव्या देत ऱ्हायनू."

"मी काय कमी दिल्या? आज तर छापायला निघालो होतो."

"छापाले? मन्हं नाव? दख बरं!" नाना हसले. आबाही हसले, पण मधेच थांबले.

"नाना, मी उद्या येतो. दारावर."

"उद्या नको. निवडनूकनी हवा शे. आते तू ऊना तं लोक म्हनतीन, मतं मांगाले ऊना. बठ्ठं आटपू दे, मंग येजो. सतरंजी टाकसू." मग जरा थांबून, "आनि त्या ताईले सांग, खून तू येवानंतर कर म्हना."

ड्रायव्हरभाऊ इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी हसले नाही. मी लिहून घेत होते.

फोन ठेवल्यावर मुख्याध्यापकांनी विचारलं, प्रकरणाचं काय करायचं? पहिलं वाक्य त्यांनी स्वतःच खोडलं होतं.

"लिहा, हरलो," आबा म्हणाले.

"आणि कारण?"

"कारण मी नानाकडे जाऊन आल्यावर."

त्या दिवसापासून मी दर गुरुवारी दुपारी एक जुनी वही घेऊन ड्रायव्हरभाऊंच्या घरी जाते. मी गाव वाचते, ते डोळे मिटून सांगतात. "गेलो. तिथे कुत्रं मागे लागलं होतं." "गेलो. परतताना टायर बसला." त्यांच्या आठवणीत रस्ते आहेत, माणसं कमी. पण रस्ते पक्के आहेत. एका नोंदीवर ते म्हणाले, "इथे नाही गेलो. पूल पाण्याखाली होता." त्यावरही माझी लाल खूण आहे. त्या घरात आता कोण राहतं ते शोधायचं आहे. आबांनी तेही दार यादीत घ्यायला सांगितलं. आता कुठलीच निवडणूक त्यांना लढवायची नाही. मी तसं म्हणाले तर ते म्हणाले, "म्हणूनच."

नवी वही केली आहे. पहिल्या ओळीत नानांचं गाव, 'नाना', 'आई'. चिठ्ठीच्या रकान्यात या वेळी 'नको' लिहिलं नाही. लिहिलं: 'गुळाचा चहा, शेजारून.' लाल पेन्सिल ड्रायव्हरभाऊंच्या खिशात दिली आहे. जीप परत आली की खूण तेच करणार.

जिल्हा परिषदेच्या मतदानाची तारीख अजून लागलेली नाही. आबांचा गुडघा थंडीनं धरला आहे. धुळ्याच्या प्रेसमधून परवा पुन्हा फोन आला, की पराभवाच्या प्रकरणाची चार पानं कधी मिळतील. मी सांगितलं, बाकीचं लावून घ्या, ती चार पानं राहू द्या.