न पिता वाजवलेली हळद

शिक्षा ऐकली आणि उल्हासनगरच्या कोर्टात संतोष चक्क हात जोडून म्हणाला, "मॅडम, त्यापेक्षा आत टाका की!"

घ्या! अख्खी दुनिया जेलातून सुटायला धडपडते आणि हा बाबा जेल मागतोय! पण त्याचा हिशोब सरळ होता. पिऊन धिंगाणा घातला की एक रात्र कोठडी, सकाळी मोकळा, संध्याकाळी पुन्हा गुत्ता. या खेपेला त्याने कात्रपच्या चौकात पोलिसांच्या जीपच्या बॉनेटवर बसून बेंजो वाजवला होता आणि वर हवालदारालाच नाचायला सांगितलं होतं. जज मॅडम म्हणाल्या, "कोठडी नको. महिनाभर सकाळी बदलापूरच्या नगरपालिकेच्या शाळेत झाडलोट करायची. संध्याकाळी व्यसनमुक्तीच्या बैठकीला बसायचं. पिऊन आलास तर खबरदार." मागे उभी असलेली त्याची बायको अंजनी एवढंच म्हणाली, "चला घरी."

संतोषला भीती झाडूची नव्हती हो. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो हळदीला बेंजो वाजवायचा. आसपासच्या गावांत मांडव पडला की लोक आधी विचारायचे, "संत्या येतोय ना?" आणि पहिल्याच हळदीत कुणा शहाण्याने त्याला सांगून ठेवलं होतं की पोटात क्वार्टर गेल्याशिवाय हात सुटत नाही. झालं! तेव्हापासून कोरड्या तोंडाने त्याने एक तार छेडली नव्हती. दारू सुटली तर हात जाणार आणि हात गेला तर आपल्याला विचारतंय कोण, या धास्तीने त्याची झोप उडाली होती. सांगणार कुणाला?

शाळेत पहिले काही दिवस हाल झाले. दारू बंद, झाडू चालू. पण गडी जात राहिला. मग एके दिवशी प्रार्थनेच्या पेटीचा भाता फाटला आणि मुख्याध्यापिका वृंदाबाई त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "संतोषराव, तुम्ही वाजवता म्हणे. उद्या बेंजो घेऊन या."

दुसऱ्या दिवशी सगळी शाळा रांगेत उभी, आणि हा घामाघूम. पहिलं कडवं पार घसरलं. मांडवात असं झालं असतं तर लोकांनी आईबाप काढले असते. पण पोरांना कसलं काय! ती बेंबीच्या देठापासून गातच राहिली. आणि अहो, दुसऱ्या कडव्याला बोटं आपोआप जागेवर आली! संतोष स्वतःच्याच हाताकडे बघत राहिला. प्रार्थना संपली तशी चौथीतली एक पोरगी ओरडली, "काका, हळदीचं वाजवा ना!" त्याने वृंदाबाईंकडे पाहिलं. बाई मुद्दाम झेंड्याच्या खांबाकडे बघत होत्या. मग काय विचारता! सगळं मैदान उड्या मारायला लागलं, पहिला तास बुडाला आणि बाईंची चप्पलसुद्धा गुपचूप ताल धरत होती.

"बाई, हात चालतो!" संतोष लहान पोरासारखा ओरडला. "न पिता चालतो!"

पण त्याच्या बेंजो पार्टीचा मालक कोंडाजी, तो कसला मानतोय! चिखलोलीला त्याच्याच पुतणीची हळद होती. "शाळा वेगळी, मांडव वेगळा रं," तो म्हणाला. "पोरांना काय कळतंय? कीबोर्डवाला आणून ठेवलाय मी. आज हात नाय चालला तर तुझ्या जागी उद्यापास्नं तो." आणि वर जुन्या मायेने भरलेला ग्लास त्याच्या पायाशी ठेवला. "घोटभर घे. हात सुटंल."

रात्री नवरी पाटावर बसली, हळद लागली, संतोषने पहिली चाल धरली आणि बोटं लाकडासारखी! माणसं खुर्च्यांवरून उठेनात. मागून कुणीतरी खिदळलं, "संत्या, टाकी भर!" कीबोर्डवाला बाह्या सरसावून तयारच होता. संतोषचा हात खाली गेला. ग्लास उचलला, पार ओठांपर्यंत आणला. वास नाकात भरला, तोंडाला पाणी सुटलं.

आणि त्याला शाळेतलं घसरलेलं पहिलं कडवं आठवलं. दुसरं वाजवायच्या आधीच हरायचं होय? छट्! त्याने ग्लास कोंडाजीच्या हातात ठेवला. "दादा, तूच घे. माजं दुसरं कडवं बाकी हाय."

तीच चाल त्याने पुन्हा पहिल्यापासून धरली, सावकाश. एक बोट आलं. दुसरं आलं. ताशावाल्याने डोळे मोठे करून ताशावर काडी मारली आणि मांडव फुटला हो! म्हाताऱ्या उठल्या, नवरीचा बाप उठला, खुर्च्या सरकवून जागा केली लोकांनी. असं सफाईदार वाजवणं त्या गावाने त्याच्याकडून कधी ऐकलं नव्हतं. कोंडाजी तर ग्लास हातात तसाच धरून नाचत होता, आणि सगळी दारू त्याच्याच सदऱ्यावर सांडत होती.

बऱ्याच वेळाने त्याला भान आलं. वाकून तो संतोषच्या कानाशी ओरडला, "थांब की जरा! बोटं सोलवटली तुजी."

संतोषने मान हलवली. समोरच्या बायकांच्या घोळक्यात पदर खोचून अंजनी नाचत होती. आजवर ती प्रत्येक हळदीला आली होती, पण सगळं संपल्यावर, रिक्षा घेऊन, त्याला उचलून न्यायला. तो वाजवतो कसा, हे लग्नापासून तिने कधी ऐकलंच नव्हतं.

"थांबवू नको, दादा," तो म्हणाला. "ती पहिल्यांदाच ऐकतेय."