चौघांची बॅटरी

दारापाशी आले की काका थांबायचे. कडी काढून दार वीतभर उघडायचे, त्या फटीत नाक घालून तीनदा हुंगायचे आणि मग मागे वळून म्हणायचे, "पहिले नाक, मंग पाय." एवढं झाल्याशिवाय त्या खोलीत ते स्वतः जात नसत आणि दुसऱ्यालाही जाऊ देत नसत. मी एकदा थट्टेने विचारलं, "काका, आत भजे तळून राहिलं काय कोणी?" त्यावर ते हसले नाहीत. "तेजाब आहे बाबू," म्हणाले, "त्याची मस्करी नाही कराची."

ती खोली म्हणजे त्यांच्या घरामागची जुनी न्हाणी. कामठी रोडच्या आतल्या अंगाला आमचं ले-आउट, म्हणजे प्लॉट पाडून वसलेली वस्ती, आहे आणि त्याच्या शेवटच्या गल्लीत चार घरं. एक काकांचं, एक माझं, एक फौजींचं आणि एक शाळेतल्या बाईंचं. फौजी म्हणजे कामठीच्या छावणीतून निवृत्त झालेले सुभेदार, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी बोलणारे. मी एका कॉलेजात कारकून, म्हणून काकांच्या लेखी 'बाबू'. आणि काकांनी टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये उभा जन्म काढलेला.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. नोकरी सुटते, पण हाताची सवय सुटत नाही. काकांच्या दोरीवरचे कपडे पाहिले की त्यांचं काम कळायचं, कारण प्रत्येक शर्टाला तेजाबाच्या, म्हणजे बॅटरीतल्या अॅसिडच्या, शिंतोड्यांची बारीक भोकं पडलेली. लग्नाला नवा शर्ट घालून यायचे, तर त्यालाही पोटाशी दोन भोकं असायचीच. कुणी बोट दाखवलं तर म्हणायचे, "हवा खेळते गा."

काकू गेल्या त्या मे महिन्यात. आमच्याकडचा ट्रान्सफॉर्मर दर उन्हाळ्यात जळतो. त्या दिवशी दुपारी एकला लाइन गेली ती सातला आली. काका ओला दुपट्टा काकूंच्या अंगावर टाकत राहिले, पुठ्ठ्याने वारा घालत राहिले. काकूंना ऊन लागलं होतं. लाइन यायच्या आत त्या गेल्या. तेरवीच्या दिवशी सगळे जेवून उठल्यावर काका माझ्याजवळ येऊन बसले आणि इतकंच म्हणाले, "गावभराचे फोन चालवले मी बॅटरीवर. माह्या घरात पंखा नाही फिरला." मला फार वाईट वाटलं. मी उठून त्यांच्यासाठी पाणी आणलं.

त्यातूनच ही चौघांची बॅटरी निघाली. एकेका घराला पुरेल एवढी बॅटरी घेणं कुणालाच झेपणारं नव्हतं. काका प्रत्येकाच्या ओट्यावर येऊन बसले आणि समजावून गेले. प्रत्येकाने आपापल्या गच्चीवर सोलरचे पॅनल लावायचे. त्या पॅनलची वायर आपापल्या चार्ज कंट्रोलरला, म्हणजे काकांच्या भाषेत 'डब्ब्याला' जोडायची. आणि चारही डब्ब्यांच्या वायरी एकाच ठिकाणी, न्हाणीतल्या आठ बॅटऱ्यांना. "पॅनल ज्याचं त्याचं, डब्बा ज्याचा त्याचा, बॅटरी सर्वांची," हे त्यांचं पाठ झालेलं वाक्य. सगळी जोडणी त्यांनी स्वतः केली. चार डब्बे एका भिंतीवर ओळीने लावले आणि खाली प्रत्येकाचं नाव खडूने लिहिलं.

बॅटरी भरली की चार्जिंग कुठे थांबवायचं, तो आकडा डब्ब्यात घालावा लागतो. काकांनी चौघांनाही समोर उभं केलं आणि चारही डब्ब्यांत एकच आकडा घातला. "हा आकडा कोनी हलवाचा नाही. एकानं जरी वाढवला तं त्याचा डब्बा थांबतच नाही. मंग बॅटरी उकळते, पानी आटते, ग्यास भरते." हे सगळं मी कानाने ऐकलं आहे. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

पहिला उन्हाळा सुखाचा गेला. भर दुपारी लाइन जायची, सगळं ले-आउट ओट्यावर येऊन बसायचं आणि आमच्या चार घरांतले कूलर घरघरत राहायचे. बाईंच्या घरी तान्हं बाळ होतं, ते गाढ झोपायचं. काका त्या उन्हात मुद्दाम गल्लीत चक्कर मारायचे, प्रत्येक घरापाशी थांबून कूलरचा आवाज ऐकायचे आणि पुढे जायचे. काकू गेल्यानंतर त्यांना समाधानात पाहिलं ते तेवढंच.

आता माझी गोष्ट सांगतो. डब्ब्यावर दिवसभराची बेरीज दिसते, कुणाच्या पॅनलने आज किती वीज दिली त्याची. बॅटरी भरत आली की चारही डब्बे एकदम थांबत नाहीत. माझा डब्बा जरा लवकर थांबायचा. फौजींचा दोनपर्यंत चालायचा, माझा साडेअकरालाच गप्प. रोज संध्याकाळी फौजी न्हाणीत जाऊन चारही बेरजा मोठ्याने वाचायचे आणि माझ्या नावापाशी आले की म्हणायचे, "बाबूजी, आपका तो आज भी छुट्टी पर है!" बाई हसायच्या. माझी बायको हसायची नाही. आमच्या घरी दुसऱ्याकडचा चहा प्यायला तरी चार दिवसांत त्याला चहाला बोलावण्याची रीत, आणि मी तर लहानपणापासूनच नाकावर माशी बसू न देणारा.

काकांना हे दिसत होतं. एकदा त्यांनी मला ओट्यावर बसवून घेतलं. "हे पाह्य बाबू, पंगतीत वाढनारे चार अन् जेवनारी एक. ताट भरत आलं का कोना एकाचा हात पहिले थांबते. त्याच्यात लाज कायची? तुह्या डब्ब्याले ताट भरलेलं जरा लवकर दिसते, इतकंच." मला ते पटलं. फौजींना त्यांनी तेच सांगितलं. फौजींनाही पटलं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते पुन्हा म्हणाले, "छुट्टी पर है!" माणूस वाईट नव्हता, त्याला विनोद एकच येत होता.

दुसऱ्या उन्हाळ्यात काका पंधरा दिवसांसाठी काटोलला मुलीकडे निघाले. तिच्या नव्या घराची वास्तू होती. निघायच्या दिवशी, रविवारी सकाळी, त्यांनी मला न्हाणीत बोलावलं. आठ बॅटऱ्या, प्रत्येकीला सहा बुचं. मी डिस्टिल्ड पाण्याची कॅन धरली आणि काका एकेक बूच उघडून, टॉर्चने आत पाहून, खुणेपर्यंत पाणी घालत गेले. मोठ्याने मोजत होते. शेवटचं बूच लावून फडक्याने पुसलं आणि म्हणाले, "अठ्ठेचाळीस. आता महिनाभर पाहाचं काम नाही." मग किल्ली माझ्या हातात ठेवली. "तुह्या भरवश्यावर सोडून जाऊन राह्यलो."

तिसऱ्या दिवशी माझे साडू आले. संध्याकाळी फौजींनी त्यांच्यासमोर माझी बेरीज वाचली आणि नेहमीचं वाक्य म्हटलं. साडू मोठ्याने हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोबाइलवर व्हिडिओ पाहून डब्ब्यातला तो आकडा कुठे असतो ते शोधलं, न्हाणीत गेलो आणि बटण दाबून तो वाढवला. पाच मिनिटं लागली.

संध्याकाळी माझी बेरीज सगळ्यांत मोठी आली. फौजींनी खाडकन सलाम ठोकला. त्यांची स्वतःची बेरीज उतरली होती, तर आपल्या पॅनलवर धूळ बसली असावी म्हणून पहाटे गच्चीवर चढून झाडू आणि पाण्याने पॅनल घासत बसले. मी खाली उभा राहून चहा पीत ते पाहत होतो. मला आनंद झाला होता. तो लपवण्यात आता काही अर्थ नाही.

आठवड्याने न्हाणीत आंबूस वास यायला लागला. "गरमी है," फौजी म्हणाले. मीही "गरमी है" म्हणालो. काका सोमवारी येणार होते, मी रविवारी आकडा खाली आणणार होतो. अजून चार दिवस सलाम घ्यावा, एवढाच माझा हिशेब.

काका शनिवारीच आले. वास्तू आटोपली, पाहुण्यांत करमेना, म्हणून दोन दिवस आधी बसले एसटीत. भर दुपारची वेळ, लाइन गेलेली. पिशवी ओट्यावर ठेवून ते सरळ मागे गेले. पुढचं फौजींनी पाहिलं. दार वीतभर उघडून काकांनी हुंगलं आणि एकदम मागे सरले. मग श्वास रोखून आत गेले, चारही पॅनलचे स्विच पाडले, खिडकी सताड उघडली आणि बाहेर येऊन उभे राहिले. बराच वेळ थांबले. सगळं नियमाने केलं. मग पाणी पाहायला आत गेले, आणि पोटात गॅस कोंडलेली एक बॅटरी फुटली.

मी जेवत होतो. आवाज ऐकून धावलो तेव्हा फौजी काकांचं डोकं बादलीवर धरून त्यांच्या डोळ्यांवर पाणी मारत होते. काका ओरडत नव्हते. दात आवळून, फौजींचा खांदा धरून ओणवे झाले होते. दवाखान्यात दहा दिवस होते. उजवा डोळा गेला. डाव्याला उजेड आणि अंधार, इतकाच फरक कळायचा.

त्याच संध्याकाळी, सगळे दवाखान्यात असताना, मी न्हाणीत जाऊन आकडा पूर्वीच्या जागी आणला. या वेळी पाच मिनिटंही लागली नाहीत. मेकॅनिक दुसऱ्या दिवशी आला. उरलेल्या बॅटऱ्यांची बुचं उघडून म्हणाला, "पानी पार तळाले गेलं होतं. कोनी पाह्यलंच नाही काय?" फौजींनी माझ्याकडे पाहिलं. "काका जाते वक्त पानी नहीं डाले क्या?" मी म्हणालो, "माहीत नाही."

एवढ्यावर गल्लीची गोष्ट तयार झाली. म्हाताऱ्याचं ध्यान राहिलं नाही, पाणी न घालताच काटोलला निघून गेला. कुणी रागाने म्हणत नव्हतं. बाई तर डोळे पुसत म्हणायच्या, "वय झालं वं, कोनाचंही होते." भंगारवाल्याने आठही बॅटऱ्या नेल्या. ज्याने त्याने आपापला लहानसा इन्व्हर्टर घेतला, त्यावर एक पंखा फिरतो. काकांना मुलगी काटोलला घेऊन गेली. सगळं आयुष्य ज्या एका गोष्टीची त्यांना खात्री होती, तीच गल्लीने दयेने काढून घेतली, आणि त्या दयेत मीही मान हलवत होतो.

काका आता नाहीत. हे जे मी तुम्हाला सांगतो आहे ते त्यांच्या हयातीत, त्यांच्या समोर सांगायला हवं होतं. ती संधी मला मिळाली होती. संत्र्याच्या दिवसांत मी एकदा काटोलला गेलो होतो. सांगायचंच असं ठरवून गेलो होतो.

मुलीने दारातच हळू आवाजात सांगितलं, "जेवत नाही जी बाबा. दिवसभर बोटावर मोजून राह्यते. सदतीस, अडतीस… मंग पुन्हा पहिल्यापासून."

काका आतल्या खोलीत बाजेवर बसले होते, काळा चष्मा लावून. खूप वाळले होते. आवाजावरून मला ओळखलं. "आला काय बाबू. बस." घरच्यांची चौकशी केली. बाईंचं बाळ चालायला लागलं का, विचारलं. मग माझा हात चाचपून धरला.

"एक विचाराचं होतं तुले. त्या रविवारी मी पानी टाकलं होतं न गा? सर्व म्हनते नाही टाकलं. मले तं मोजल्याचं याद आहे. पन सपनातलं असन, असंही वाटते. कॅन तूच धरली होती न?"

'हो' एवढंच म्हणायचं होतं. पण 'हो' म्हटलं की पुढचा प्रश्न येणार होता, मग ते पाणी गेलं कुठे. त्याला उत्तर एकच होतं. मुलगी चौकटीत उभी होती. माझ्या हातावर काकांची बोटं होती, आणि ते वाट पाहत होते.

"नक्की आठवत नाही, काका," मी म्हणालो.

त्यांनी माझा हात सोडला. 

"मंग नसन टाकलं," ते म्हणाले. मग मुलीच्या दिशेने तोंड करून म्हणाले, "बाबूले संत्रे बांधून दे वं. एसटीत खाईन तो."

मी ती पिशवी घेतली आणि आलो.