त्या दिवशी गाडीत कोण खोकलं

ही गोष्ट माझ्या घरात कुणाला माहीत नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. गाडीतल्या माणसांना तर नाहीच – आणि खरं म्हणजे आधी त्यांनाच कळायला हवी होती. तुम्हाला का सांगतेय? तुमची-माझी ओळख नाही म्हणून असेल. किंवा गेल्या महिन्यात जे झालं, त्यानंतर पोटात ठेवणं जमेना म्हणून. असो.

मी जळगावला राहते, नोकरी धुळ्याला. एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये जुन्या फायलींचे गठ्ठे सांभाळायचे, हे काम. सकाळच्या यष्टीनं जायचं, संध्याकाळच्या यष्टीनं परत. असे अप-डाऊन करणारे आम्ही बरेच जण. एरंडोलला कोण चढणार, पारोळ्याला कोण उतरणार, सगळं पाठ. कंडक्टरही बहुतेक एकच, नाना. या गाडीत मला मान आहे. खिडकीजवळची माझी जागा मला यायला उशीर झाला तरी कुणी घेत नाही. नवा माणूस बसलाच, तर दहा जण सांगतात, "उठा भाऊ, अक्कांची जागा आहे." हा मान मला कशानं मिळाला, ते आधी सांगते –

बघा, पुन्हा मी चांगल्या बाजूनंच सुरुवात करायला निघाले. इतकी वर्षं हेच करत आलेय.

तर आधी दुसरं.

करोनाची टाळेबंदी उठली आणि गाड्या सुरू झाल्या. आधी एका बाकावर एकच माणूस, मग पुन्हा पूर्ण भरून. मास्क सक्तीचा. पण सक्ती म्हणजे काय, ते तुम्हीही पाहिलं असेल. कुणाचा हनुवटीवर, कुणाचा एका कानाला लोंबतोय, कुणी नाना जवळ आले की रुमाल वर ओढणार. आमच्यात खतांच्या कंपनीचे एक एजंट होते, सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. आवाज मोठा. ते फोनवर बोलताना मास्क खाली घ्यायचे, आणि फोन तर दिवसभर चालूच. मी एकच शब्द बोलायचे. "नाक." एवढंच. "भाऊ, नाक." आणि भाऊ निमूट मास्क वर घ्यायचे. ब्लाउजच्या उरलेल्या कापडाचे मास्क शिवून मी पिशवीत ठेवायचे आणि नसेल त्याला द्यायचे. लोक मला 'मास्कवाल्या अक्का' म्हणायला लागले. नाना तर म्हणायचे, "अक्का आहेत तोवर मला फक्त तिकिटं फाडायचीत." मला ते आवडायचं. का नाही आवडणार? घरात माझं कोण ऐकतं?

आणि मला खोकला होता.

करोनाचा नव्हे. धुळीचा, जुना. कुजके गठ्ठे सोडले की दुसऱ्या दिवशी घसा खवखवायचा. करोनाच्या आधी याची कुणाला फिकीर नव्हती. पण त्या दिवसांत गाडीत खोकणं म्हणजे काय होतं, आठवतंय ना? घशात काटा टोचतोय, डोळ्यांतून पाणी येतंय, आणि माणूस ओठ आवळून बसलाय – की आत्ता सुटला तर संपलं.

थंडीचे दिवस होते. काचा लावलेल्या. पारोळ्याला एक म्हातारे गृहस्थ चढले. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, इस्त्रीचा सदरा. मास्क घरी शिवलेला, गादीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचा, पण नाकावर अगदी नीट. हातात फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. "बसू का, अक्का?" असं विचारून बसले, तेही बाकाच्या अगदी कडेला, मला धक्का लागू नये म्हणून. डबा मांडीवर घट्ट धरून.

गाडी पारोळ्याच्या पुढे निघाली आणि मला खोकला आला. दाबला. पुन्हा आला. मग सुटलाच – एकामागून एक.

सगळी गाडी वळली. भाऊ उभे राहिले. "कोण खोकलं?"

मी गप्प बसले.

– असं मी स्वतःला वर्षानुवर्षं सांगत आले. की मी घाबरले आणि गप्प बसले. माणूस घाबरतो, त्यात काय एवढं? पण ते खरं नाही. मी गप्प नव्हते बसले. मी बोट केलं. शेजारच्या माणसाकडे बोट केलं आणि म्हणाले, "हे. नाना, यांना बघा."

सांगितलं.

आणखी एक राहिलंय. सगळ्यांनी लगेच विश्वास का ठेवला? एक तर मास्कवाल्या अक्का खोटं कशाला बोलतील? आणि दुसरं – त्यांची दाढी, त्यांची टोपी. त्या दिवसांत कुणाबद्दल काय काय बोललं जात होतं, तुम्ही ऐकलंच असेल. मीही ऐकलं होतं. बोट उचलताना ते माझ्या मनात होतं. या माणसावर खपून जाईल, हे मला कळत होतं. कळून मी बोट उचललं.

ते माझ्याकडे वळले. ओरडले नाहीत. फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाले, "मी नही खोकलनू, अक्का."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. काच वाफेनं पांढरी झालेली, बाहेरचं काहीच दिसत नव्हतं. तरी मी बघत राहिले.

"उतारा त्यासले! बठ्ठी गाडीले लागी जाई!" भाऊंचा आवाज, सगळ्या गाडीला लागण होईल म्हणून. मग आणखी दोघा-तिघांचा. नाना घुटमळले, माझ्या तोंडाकडे पाहत असावेत. मग घंटी वाजली. गाव नाही, फाटा नाही, अशा जागी गाडी थांबली. ते डबा सांभाळत उतरले. दार लागलं. भाऊ मला म्हणाले, "बरं झालं अक्का, तुमचं लक्ष होतं."

तिथून धुळ्यापर्यंत मी एकदाही खोकले नाही.

आता ती दुसरी गोष्ट. ती मात्र मला ताठ मानेनं सांगू द्या, कारण ती खोटी नाही.

होळीच्या आसपासचे दिवस. करोना पुन्हा वाढायला लागला होता, आधीपेक्षा वाईट. ओळखीच्यातली माणसं जात होती. गाडीत कुणी कुणाशी बोलत नव्हतं. एरंडोलला एक बाई चढली, वयानं लहानच, मांडीवर भली मोठी कापडी पिशवी, तोंडाला साडीचा पदर. पुढच्या बाकावर बसली. आणि बसल्या बसल्या खोकायला लागली. थांबेचना. शेजारचा माणूस उठून पळाला. तिच्याभोवतीचे बाक बघता बघता रिकामे झाले.

भाऊ उभे राहिले. "नाना, गाडी थांबवा. उतरवा हिला."

तोच आवाज, तेच शब्द. तिनं नानांकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे. तोंडातून शब्द फुटत नव्हता, खोकलाच फुटत होता. नानांचा हात घंटीच्या दोरीवर गेला.

माझ्या अंगात काय आलं, मला माहीत नाही. मी उठले, मधल्या वाटेनं पुढे गेले आणि तिच्या शेजारी बसले. अगदी खेटून. पिशवीतून मास्क काढून तिला दिला, पाण्याची बाटली दिली. आणि वळून म्हणाले, "हिला उतरवायचं असेल तर आधी मला उतरवा."

"अक्का, तुम्ही? तुम्हीच म्हणायच्या ना –"

"मी नाक झाका म्हणायचे, भाऊ. माणूस उतरवा, असं नाही म्हणायचे."

खोटं होतं ते. माणूस उतरवा, असंही मी म्हटलं होतं, याच गाडीत. पण माझा आवाज असा लागला की कुणाला ते आठवलं नाही. मी बोलतच गेले. काचा उघडा म्हटलं, मागे सरका म्हटलं. खोकला म्हणजे गुन्हा आहे का? आजारी माणसानं दवाखान्यात जायचं कशानं, उडत? भाऊ तणतणत होते, मी एकेका वाक्याला उत्तर देत होते. भीती वाटत होती, नाही असं नाही. तिला खरंच करोना असला तर मी गेलेच. पण पाय हलत नव्हते. आणि त्याचा आनंद होत होता – काय सांगू किती!

तेवढ्यात ड्रायव्हरनं खड्डा चुकवायला गाडी गचकन वळवली. तिच्या मांडीवरची पिशवी घरंगळली आणि पिशवीचं बांधलेलं तोंड सुटलं.

लाल तिखट! बाई पहाटेपासून डंकावर मिरच्या कुटून आली होती. बहिणीच्या घरासाठी वर्षाचं तिखट घेऊन निघाली होती. वाऱ्यानं ते सगळ्या गाडीत उडालं. पहिल्यांदा नाना खोकले. मग मागच्या बाकावरचे एक मास्तर. मग एकेक करत सगळी गाडी – ठसके, शिंका, डोळ्यांतून धारा. ड्रायव्हरनं खोकत खोकत गाडी कडेला घेतली. आणि भाऊ! भाऊ तर बाकाची दांडी धरून कमरेत वाकले होते, मास्क कुठल्या कुठे.

मी खोकत खोकतच विचारलं, "बोला भाऊ! आता कुणाकुणाला उतरवायचं?"

आधी नाना हसले. मग सगळी गाडी हसली. खोकायची, हसायची, पुन्हा खोकायची. कित्येक दिवसांत त्या गाडीत कुणी हसलं नव्हतं. ती बाईसुद्धा पदराआड हसत होती आणि रडत होती. शेवटी भाऊही हसले, आणि उतरून त्यांनीच तिचं सांडलेलं तिखट वर्तमानपत्रात गोळा करून दिलं. काचा उघड्या टाकून आम्ही धुळ्यात शिरलो ते वरातीसारखे.

त्या दिवसापासून आमच्या गाडीत नेम झाला. कुणी खोकलं तर काच उघडायची, पाणी द्यायचं, मास्क द्यायचा. उतरवायचं कुणाला नाही. नानांनी तो दुसऱ्या गाड्यांच्या कंडक्टरांना सांगितला. करोना सरल्यावर अप-डाऊनवाल्यांनी चालत्या गाडीत मला शाल-नारळ दिला, भाऊंनी भाषण केलं. मी शाल घेतली. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस होता, आजही आहे. ती शाल घेताना मला ते म्हातारे गृहस्थ आठवले का? आठवले. मी खांद्यावरची शाल नीट केली.

आणि आता गेला महिना.

पारोळ्याला ते चढले. मी लगेच ओळखलं. दाढी जास्त पांढरी, सदरा तसाच इस्त्रीचा. सोबत शाळेच्या वयाची चुणचुणीत नात. गाडीत गर्दी होती, मागे कुणीतरी खोकलं, आणि सवयीनं चार हातांनी काचा सरकवल्या. ते बघून त्यांना गंमत वाटली. नानांनी त्यांना त्या नेमाची, तिखटाची सगळी गोष्ट रंगवून सांगितली. ते मनापासून हसले. म्हणाले, "मग माझीही ऐका. मला तर याच रस्त्यावर यष्टीतून उतरवलं होतं!"

आणि ते सांगायला लागले. काय सांगत होते! सगळी गाडी कान देऊन. "माझ्या बाजूला एक बाई बसलेली. खोकली ती, उतरलो मी!" गाडीत हशा. धुळ्याला दवाखान्यात त्यांच्या लेकीला कळा सुरू झाल्या होत्या, तिच्यासाठी डबा घेऊन ते निघाले होते. रस्त्यावर उभे राहिले आणि पाठोपाठ रावेरहून केळी भरून निघालेला ट्रक आला. ड्रायव्हरनं केबिनमध्ये घेतलं. "आणि पुढे बघतो तर काय, तुमची यष्टी मास्क तपासायला पोलिसांनी अडवलेली! आम्ही बाजूनं भुर्रकन पुढे. मी केबिनमधून हात केला – सलाम, यष्टीवाल्यांनो!" त्यांनी हात करून दाखवला. "उतरताना ड्रायव्हरनं केळीची अख्खी फणी हातात दिली. मी दवाखान्यात पाऊल टाकलं आणि ही रडली!" त्यांनी नातीला पुढे केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. पोरगी लाजून त्यांच्या सदऱ्यात शिरली.

"पण कोण होती हो ती बाई?" भाऊंनी विचारलं. भाऊंना काही आठवत नव्हतं. खरंच नव्हतं.

"तोंड कुठं दिसलं? मास्क होता."

"त्या दिवशी आमच्या अक्का गाडीत असत्या ना," भाऊ म्हणाले, "तर तुम्हाला कुणी हात लावला नसता. या बघा आमच्या अक्का."

सगळे माझ्याकडे वळले. ते म्हाताऱ्या पायांनी गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत आले. दोन्ही हात जोडले. "तुमच्यासारखी माणसं पाहिजेत, अक्का," म्हणाले. त्यांना माझा आवाज ओळखू येईल म्हणून मी बोलले नाही. मान हलवली. हसले. शेजारची बाई उठली आणि तिनं त्यांना जागा दिली, तशी त्यांनी नातीला माझ्या मांडीवर बसवलं, आणि ते माझ्या शेजारी बसले. बाकावर ऐसपैस, पाय पसरून, धुळ्यापर्यंत गाडीशी गप्पा मारत.

मी त्या दिवशी गाडीत होते. ती बाई मी. आणि गेल्या महिन्यात त्यांनी हात जोडले, ते मी घेतले.