ओकुनो-सान आणि दगडातले डाव

साताऱ्याच्या एस.टी. स्टँडवर ओकुनो-सान उतरले, तेव्हा त्यांच्या काखेत कागदाची लांबलचक गुंडाळी होती आणि तिच्यामुळे बसच्या दारात निम्मे प्रवासी अडकले होते. ते प्रत्येकाला कमरेत वाकून 'माफ करा' म्हणत होते, त्यामुळे दार आणखीच अडत होतं.

मी सांगलीची. पुण्यात संध्याकाळच्या वर्गाला जाऊन दोन वर्षं जपानी शिकले होते. दुभाषी म्हणून हे माझं पहिलंच काम. एकोणऐंशीचा हिवाळा होता.

ओकुनो-सान (आपल्या 'राव'सारखं ते 'सान') ओसाकातल्या एका लहान कंपनीचे. शाळासोबती इशिदा आणि ते, दोघांनी मिळून ती काढलेली. आधी लाकडी खेळणी, मग मोठ्या दुकानांच्या गच्चीवर ठेवायची नाणं टाकून चालणारी यंत्रं, आणि आता टीव्हीच्या काचेवर हलणारे खेळ. मी तोवर टीव्हीच दोनदा पाहिला होता. त्यावर खेळायचं कसं, हे त्यांनी बसच्या तिकिटामागे ठिपके काढून मला समजावलं. तेव्हा जपानभर वरून उतरणाऱ्या शत्रूंना गोळ्या घालण्याच्या एकाच खेळाचं वेड होतं. इशिदांचं म्हणणं, आपणही तसाच काढू. "दुसऱ्याचा खेळ उचलायचाच, तर निदान खूप जुना तरी उचलू," असं सांगून ओकुनो-सान इकडे आले होते. कृष्णेच्या घाटावर दगडात कोरलेल्या खेळांच्या पटांचा फोटो त्यांनी कुठल्याशा मासिकात पाहिला होता.

जीप चालवायला शंकरराव होते, फौजेतून निवृत्त झालेले. "माझा चुलता बर्म्यात ह्यांच्याच इरुद्ध लढला," गाडी सुरू करताना ते म्हणाले.

"काय म्हणतात?" ओकुनो-सानांनी विचारलं.

"तुमचं स्वागत आहे म्हणतात," मी म्हणाले.

शंकररावांनी कंदी पेढ्यांचा पुडा पुढे केला, म्हणून ते खपून गेलं.

माहुलीच्या घाटावर जो पट हवा होता, त्यावर नेमका धुण्याचा ढीग होता. "पावण्यास्नी (पाहुण्यांना) बघायचंय, उचला की जरा," शंकरराव म्हणाले.

"ह्यात काय बघायचंय? आमी रोज लुगडी आपटतोय ह्याच्यावर," एक बाई म्हणाली. पण तिने ढीग सरकवला. ओकुनो-सानांनी दगड पुसला, कागद पसरला आणि कोळशाने हलके हलके घासायला सुरुवात केली. एकात एक तीन चौकोन उमटले. नवकंकरी, नऊ-नऊ खड्यांनी खेळायचा डाव! बायका हात पुसत भोवती जमल्या. "आगं बया, हितं घरं हायती व्हय!" तीच बाई पाण्यात उभी राहून म्हणाली. मग बराच वेळ कुणीच धुणं आपटलं नाही.

कऱ्हाडला संगमाजवळ जेवलो. पिठलं-भाकरीशेजारचा खर्डा (मिरचीचा ठेचा) त्यांनी कोशिंबीर समजून चमचाभर खाल्ला. डोळ्यांतून पाणी वाहत असताना त्यांनी उठून वाढणाऱ्या काकूंना वाकून नमस्कार केला. काकू घाबरून गूळ आणायला धावल्या.

सांगलीत मुक्काम आमच्या घरी; ओकुनो-सानांनी ओसाकाला तोच पत्ता देऊन ठेवला होता. ओकुनो-सान हातपाय धूत होते, तेवढ्यात बाबांनी माझ्या हातात तार ठेवली. रोमन अक्षरांत जपानी मजकूर होता. 'कंपनी बंद करतोय. यंत्रं शनिवारी दुसऱ्यांना देणार. फोन कर. इशिदा.'

तो गुरुवार होता. दुसऱ्या दिवशी जतला जायचं होतं. तिथले मेंढपाळ अजून वाघ-शेळी खेळतात, हे शंकररावांकडून कळल्यापासून ओकुनो-सानांचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. एक दिवस, फक्त उद्याचा एक दिवस त्यांना सुखाने मिळू दे, असं मी स्वतःला सांगितलं आणि तार पर्समध्ये टाकली.

जतच्या अलीकडे माळावर बाभळीखाली सखूबाई भेटल्या, सत्तरीच्या, मेंढरांमागे हिंडून काटक झालेल्या. त्यांनी काठीने मातीत पट ओढला. वाघ म्हणून खडे, शेळ्या म्हणून लेंड्या. वाघाने उडी मारून शेळी खायची, शेळ्यांनी वाघाला कोंडायचं. ओकुनो-सानांनी वाघ घेतले आणि हरले. पुन्हा घेतले, पुन्हा हरले.

"वाघाला लय घाई," सखूबाई म्हणाल्या. "शेळीनं पळू न्हाई. एकमेकीला चिकटून हुबं ऱ्हायाचं."

मी ते जपानीत सांगितलं. ओकुनो-सान वहीत लिहिता लिहिता मातीतच बसले आणि हसू लागले. "हे इशिदाला दाखवायला हवं," ते म्हणाले. "बघितल्या बघितल्या त्याला पटेल."

मला पुढे ऐकवेना. मी पर्समधून तार काढून त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती दोनदा वाचली. "कधी आली?"

"काल संध्याकाळी."

ते उठले. पँटची माती झटकली. आवाज अजिबात चढला नव्हता. "तुम्ही शब्द इकडून तिकडे न्यायला आला होतात," ते म्हणाले, "ठेवून घ्यायला नाही."

"काय झालं गं? कोन गेलं काय?" सखूबाईंनी विचारलं.

"त्यांची कंपनी बंद पडतेय, मावशी. आणि मी ते कालपासून लपवलं."

"मग हितं काय करताय? फिरवा की गाडी!"

जतच्या पोस्टात ट्रंक कॉल लावला. जत ते मुंबई, मुंबई ते पुढे. तीन तास आम्ही बाकावर बसून होतो. मुंबई एकदा लागली आणि तुटली. ऑपरेटरने जेवणाचा डबाही उघडला नाही. शेवटी त्याने हात जोडले. शनिवारी सकाळी सांगलीहून पुन्हा प्रयत्न केला, तोवर तिकडे दुपार उलटून गेली होती. फोन लागला, पण उचलायला कुणी नव्हतं.

मिरज स्टेशनवर ओकुनो-सानांनी बाबांना आणि शंकररावांना वाकून नमस्कार केला. मलाही केला, तितकाच खोल, आणि गाडीत चढले. परतताना शंकरराव म्हणाले, "बाय, तुमी वाईट हेतूनं न्हाई केलं." ते खरं होतं, पण त्याने काही हलकं वाटलं नाही. कुणाचं तरी भलं कशात आहे, हे मीच ठरवून टाकलं होतं. तेही त्यांच्याच भाषेतल्या तीन ओळी हातात असताना.

उन्हाळ्यात ओकुनो-सानांचं पत्र आलं. यंत्रं गेलीच होती, पण सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या वर त्यांना एक खोली मिळाली होती. एक मेज, एक उघडं टीव्हीचं खोकं. तिसऱ्या दिवशी इशिदा तारांना डाग द्यायची सळई (सोल्डरिंग आयर्न) घेऊन आले आणि शेजारी बसले. पडद्यावर शेळ्या हलू लागल्या होत्या, पण आगगाडीच्या डब्यांसारख्या एका रांगेत. 'सखूबाईंना सांगा, अजून आम्हाला शेळ्यांना एकमेकींना चिकटून थांबवता येत नाही.'

बाबा झोपाळ्यावर बसले होते. मी त्यांना पत्र मराठीत वाचून दाखवलं. त्यात मधेच एक ओळ होती, की तुमच्यावरचा माझा राग अजून पुरता गेलेला नाही. मी तीही वाचली.