एकट्या ज्वारीची राखण

पहाटेच्या थंडीत, दाणा भरत आलेल्या ज्वारीला एक कोवळा, दुधट गंध असतो. दवाने जड झालेली कणसं वाऱ्यावर एकमेकांना घासतात आणि पूर्वेला तांबडं फुटतं न फुटतं तोच पाखरांचा पहिला थवा किलबिलत उतरतो. त्याच्या आधी वावरातल्या उंच लाकडी माळ्यावर चढून गोफण हाती घेणं, हेच माझं जन्मभराचं प्रातःस्मरण. देवपूजा कधी चुकली असेल, राखण नाही.

पण राखण म्हणजे केवळ पाखरं हाकलणं, असं कुणी समजू नये. अकोल्याकडच्या आमच्या काळ्या शिवारात तेव्हा वावरागणिक एक माळा उभा असे. मी हाळी दिली की शेजारच्या माळ्यावरून गोविंदाची ओ येई, त्याच्या पलीकडून आणखी कुणाची, आणि बघता बघता तो स्वर नदीपर्यंत पोचे. धुक्यात माणूस दिसत नसे. आवाजावरून मात्र कळे, कोण खोकल्याने बेजार आहे, कुणाचं घरी बिनसलं आहे. गोविंदा आणि मी एका वयाचे, लहानपणी गुरंही आम्ही एकत्रच चारली. त्याची ओ आल्यावाचून दिवस उजाडला असं मला वाटत नसे.

मग सातासमुद्रापार कुठे लढाई जुंपली म्हणे, आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. काय नवल! कुरणंसुद्धा नांगरली गेली, जिकडेतिकडे कापसाची पऱ्हाटी झाली. गोविंदानेही ज्वारी सोडली. त्याला नावं कशी ठेवू? त्याच्या घरावर कौलं चढली, लेकीचं लग्न थाटात झालं. मी तेवढा अडून बसलो. कापूस पेरला तर कडबा कुठला, आणि कडब्याविना माझ्या गाई काय खाणार? बायको गेल्यापासून घरात तेवढंच गोकुळ उरलं होतं.

कापसाला पाखरांपासून राखण लागत नाही. माळे मोडले, आणि साऱ्या शिवाराची पाखरं माझ्या एकट्या ज्वारीवर लोटली. मी घसा फोडून ओरडायचो आणि जुन्या सवयीने कान देऊन थांबायचो. ओ येत नसे. गेलेल्या दाण्याचं मला फारसं दुःख नव्हतं, कडबा तर उरणारच होता. दुःख होतं ते त्या थांबण्याचं. पलीकडे गोविंदा वाकून कापूस वेचताना दिसायचा, आणि मी त्याच्याकडे तोंड करून आणखी मोठ्याने हाळी द्यायचो. तो मान वर करत नसे. मला फार एकटं वाटायचं.

एके सकाळी मी ओरडलोच नाही. गोफण पायाशी टाकून नुसता बसून राहिलो. ऊन वर आलं, तसा माळ्याखाली गोविंदा येऊन उभा राहिला. धोतराला कापूस चिकटलेला, चेहरा काळजीने उतरलेला.

“सकाळपासून तुहा आवाज नाई. म्हून आलो पाहाले. बरा हायेस ना?”

म्हणजे तो रोज ऐकत होता तर! मी माळ्यावरून खाली वाकलो. “आयकत होता, तर ओ काहून देत नव्हता?”

तो भाबडेपणाने हसला. “मले काय मालूम? मले वाटलं, तू पाखरांवर वरडून राहिला.”

अमरावतीला जायच्या त्याच्या गाड्या बांधावर भरून उभ्या होत्या, आणि गाडीवान त्याला हाका मारत होते. तोंडाशी आलेलं सगळं मी गिळलं.

“पाखरांवरच,” मी म्हणालो.