रातांधळ्या वाघाचं खानदान

आमच्या खानदानात एक वाघ होऊन गेला, असं काका सांगायचे. निजामाच्या अमलात नांदेडच्या तहसील कचेरीत ते कारकून होते. दिवसभर उर्दूत कागद लिहायचे आणि दिवे लागले की मराठीत थापा मारायचे. दुसरं करणार काय? दिवे लागले की त्यांना काही दिसायचंच न्हाई. त्यांना न्हाई, त्यांच्या बहिणीला म्हणजे माझ्या आत्याला न्हाई, आणि मलाही न्हाई. रातांधळेपणा आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. लोकांकडं जमीन उतरते, सोनं उतरतं, आमच्याकडं अंधार उतरला. माझे आईवडील मी लहान असतानाच गेले. वडलांकडून मला तेवढंच एक वतन मिळालं.

आत्यानं ओसरीच्या खांबापासून स्वयंपाकघरातून थेट मोरीपर्यंत सुंभाची दोरी बांधली होती. उंबऱ्यापाशी गाठ, चुलीपाशी गाठ, मोरीपाशी मोठी गाठ. संध्याकाळी आम्ही तिघं ती धरून घरभर हिंडायचो. काकू तेवढी बाहेरून आलेली, तिला रात्रीही चांगलं दिसायचं. घरात धड डोळ्यांची ती एकटी, आणि दोरीला अडखळून पडणारीही तीच.

एका हकीमसाहेबांनी बकऱ्याची कलेजी खायला सांगितली. काकांच्या गळ्यात तुळशीची माळ. "दवा म्हणून खाल्लं तर दोष न्हाई," असं त्यांनी स्वतःच ठरवलं आणि माळ खुंटीला अडकवून वर्षभर कलेजी खाल्ली. डोळे होते तसेच राहिले, शेरवानीची बटणं मात्र लागेनाशी झाली. तरी दवा काही थांबेना. शेवटी काकूनंच तवा लपवून ठेवला.

तर तो वाघ. काकांचे पणजोबा मंत्र टाकून वाघ व्हायचे म्हणे. बायकोच्या हातात मंतरलेले तांदूळ द्यायचे. फेरफटका मारून आले की तिनं ते अंगावर टाकायचे, की पुन्हा माणूस. एकदा तिची भीतीनं बोबडी वळली, अर्धेच तांदूळ पडले. पणजोबांचं अंग माणसाचं झालं, डोळे वाघाचे राहिले. माणसाच्या डोक्यात वाघाचे डोळे बसेनात, म्हणून रात्री दिसेना. "तेव्हापासनं हे चालू हाय," काका म्हणायचे. "बीमारी असली तरी खानदानी हाय!"

मी विचारलं, "काका, पण वाघाला तर रात्रीच चांगलं दिसतं ना?"

दुसऱ्या दिवशी गोष्ट बदलली. आता पणजोबा आधीपासूनच रातांधळे होते, आणि वाघ झाले तरी रातांधळेच राहिले. "कातडं बदलतं पोरी, रक्त बदलत न्हाई."

"मग तो वाघ रात्री शिकार कशी करायचा?"

"दिवसा करायचा."

"आणि रोज कच्ची कलेजी खाऊनही त्याचे डोळे बरे झाले न्हाईत?"

आत्या दोरी धरून मोरीकडं निघाली होती, ती तिथंच बसली आणि पोट धरून हसली. म्हणाली, "अगं, रूप बदलून दुखणं जात असतं तर मी कधीच मांजर होऊन बसले असते. तुझ्या काकाला विचार, पणजोबाला मूळव्याध होती, ती वाघालाही होती का?" काका चिडून म्हणाले, की थोरांची टिंगल करणाऱ्याच्या जिभेला फोड येतात. पणजोबांनी कधी रूप बदललं की न्हाई, कुणास ठाऊक. ती गोष्ट मात्र आठवड्याला नवं रूप घ्यायची.

आत्या हसायची, पण तिचं दुखणं हसण्यावारी न्यायचं नव्हतं. तिचं लग्न डोळ्यांचं झाकून लावलं होतं, आणि ते लावणारे काकाच. सासरी गेल्यावर संध्याकाळच्या पंगतीत वाढताना तिचा पाय सासऱ्याच्या ताटात पडला. सकाळी बैलगाडीनं तिला माहेरी आणून टाकलं, वर 'फसवलं' म्हणून गावभर बोंब. तिची लग्नातली पत्र्याची पेटी कधी पूर्ण उघडलीच गेली न्हाई. काकूलाही लग्नाआधी कुणी काही सांगितलं नव्हतं, पण तिला कुणी विचारलं न्हाई, की बाई तुला परत जायचंय का? पुरुषाचं दुखणं खानदानी, बाईचं दुखणं फसवणूक. असा न्याय होता, आणि तो काही निजामानं काढलेला नव्हता, आमचा आम्हीच काढलेला.

माझं स्थळ बघायला लागले तेव्हा मला दुसरी कसली भीती नव्हती. त्या पेटीशेजारी माझी पेटी येऊन बसेल, एवढीच होती. आत्या काकांना म्हणाली, "आधी सांग त्यांना." काका म्हणाले, "सगळ्यांनी असं सांगत बसल्यावर लग्नं व्हायची कशी?"

लातूरच्या एका तूरडाळीच्या व्यापाऱ्याच्या मुलाचं स्थळ आलं. काकांनी निरोप धाडला, की मुहूर्त भर दुपारचाच हाय. मंडळी भाड्याच्या मोटारीनं निघाली आणि मोटार लोह्याजवळ बंद पडली. दुपार टळली. ऊन कलायला लागलं तसे काका ओसरीवर येरझारा घालायला लागले आणि सूर्याला शिव्या द्यायला लागले. काकू कंदील पुसत म्हणाली, "आता त्यालाबी मंत्र टाका, म्हणावं थांब जरा."

मंडळी आली ती बरोबर दिवेलागणीला.

काका दारात उभे. समोरून पावलं वाजली आणि कुणीतरी म्हणालं, "राम राम जी." काकांनी पुढं होऊन त्याला कडकडून मिठी मारली. "या व्याहीसाहेब, तशरीफ ठेवा!" हाताला धरून त्याला गादीवर लोडाशी बसवलं, पानाची चंची पुढं केली. तो बिचारा म्हणत राहिला, "मला इंजनात घालायला पाणी पाहिजे जी." खरे व्याही मागं दारात उभे. ते म्हणाले, "तो डायवर हाय आमचा."

मी स्वयंपाकघरात ताट हातात घेऊन उभी होते, दाराशी उभी काकू काय चाललंय ते हळूच सांगत होती. मला हसू आलं आणि पाठोपाठ रडूही आलं. सगळी सोंगं आणता येतात, डोळ्याचं सोंग आणता येत न्हाई. आता कळणार यांना, असं वाटलं.

पण काका कसले! ड्रायव्हर पाण्याची कळशी घेऊन निसटला, मंडळी बसली, आणि काकांनी घसा साफ केला. "त्याचं असं हाय, संध्याकाळी आमची नजर जरा वेगळी होते. आमच्या खानदानात वाघ होऊन गेला." आणि मंत्र, तांदूळ, बायकोची भीती, सगळं पुन्हा पहिल्यापासून. या खेपेला पणजोबांनी एक इंग्रज साहेबही पळवून लावला. तो मी पहिल्यांदाच ऐकला.

मला वाटलं, लोक उठून जातील. तर मुलाची आई सरसावून बसली, तिच्या बांगड्या वाजल्या. "वाघाचं रक्त म्हणता? पोरीत बी उतरलंय का?"

"उतरायलाच पाहिजे," काका म्हणाले.

"मग तर लई चांगलं झालं, भाऊ! आमच्यात दमा हाय. सासऱ्याला होता, यांना हाय, पोरालाबी हाय." मुलगा पुराव्यादाखल खोकला. "रक्तच पातळ झालंय आमचं. वाघाचं रक्त आलं की नातवंडं कशी दणकट होतील! दम्याची काय बिशाद?"

काय बाई हे लोक! मुलाचा दमा चारचौघांत मांडायचा, त्यावर माझ्या अंगातल्या वाघाचा लेप लावायचा, आणि काकांनी माझे डोळे तेवढे झाकून ठेवायचे. दम्यानं खोकणारा रातांधळा वाघ आमच्या पोटी येणार होता. हरणांची चंगळच की! काका तर पानसुपारी काढायला लागले. बोलणी ठरत आली होती, आणि मला काकूची हळू हाक आली, "चल, आण ताट."

ताट दोन्ही हातांत, दोरी धरायला हात न्हाई. पायानंच उंबरा चाचपला आणि बाहेर आले. मुलाची आई म्हणाली, "बघा, नजर कशी खाली! किती मर्यादशील!"

माझं डोकंच फिरलं. मी ताट होतं तिथंच, जमिनीवर ठेवलं. "नजर खाली न्हाई जी," मी म्हणाले. "मला दिसतच न्हाई. दिवे लागले की मला दिसत न्हाई, काकांना न्हाई, आत्याला न्हाई. वाघबिघ कुणी नव्हता. दिवसा मी सगळं करते, जात्यापासनं शिवणापर्यंत. रात्री दोरी बांधावी लागंल. चालत असंल तर सांगा."

मग मुलाच्या आईनं काकांना विचारलं, "म्हंजे वाघ न्हाईच?"

तिला खरंच वाईट वाटलं होतं, आवाजावरून कळत होतं. माणूस जनावर झालेला तिला चालत होता. पोरगी संध्याकाळी चाचपडते, हे चालत नव्हतं. "आंधळी गळ्यात बांधत होता व्हय?" म्हणून ती उठली. मंडळी उतरायला धर्मशाळेत गेली. मुलाचा खोकला गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होता.

काका गरजले, "खानदानाची इज्जत घालवलीस!"

आत्या दोरी धरून आली. हातानं माझं तोंड चाचपलं, गालावरचं पाणी पदरानं पुसलं. मग जिकडून काकांचा आवाज आला तिकडं तोंड करून म्हणाली, "दादा, अंतरपाटाआड माझ्या बी तोंडात हेच आलं होतं. तू मागनं चिमटा काढलास अन्‌ मी गिळलं. अजून तिथंच हाय ते." काकांनी दोरी धरली आणि गाठी चाचपत आत गेले.

माझं लग्न झालं न्हाई. मुलींच्या शाळेत शिकवायला लागले, शाळा दिवसाच भरते. पुढं निजामाची राजवट जायच्या धामधुमीचे दिवस आले, अंधार पडला की सगळं गाव दारं लावून बसायचं. आत्या म्हणायची, "आता कसे सगळे आपल्यावाणी झाले!"

काका म्हातारे झाले तरी गोष्ट काही सुटली न्हाई. एकदा ओसरीवर पाहुणे बसले होते, दिवे नुकते लागलेले. काका सांगत होते, "लातूरचे लोक आले होते. आमची पुतणी ताट घेऊन बाहेर आली, आणि बघता बघता तिची वाघीण झाली. अशी डरकाळी फोडली, की मोटार तिथंच सोडून पळाले!"

पाहुण्यांनी विचारलं, "आणि तिला दिसत होतं का हो, रात्री?"

"छे! तिला काय दिसतंय?" काका म्हणाले.

आतून, चुलीपाशी गाठ धरून बसलेली आत्या ओरडली, "ही गोष्ट मात्र खरी हाय, दादा. ही बदलू नको."